शेरूचा विमा काढायचा का?

दिवाळीच्या सुट्टीत मी पातूरला दादाकडे गेलो होतो. पातूर हे अकोल्याहून वाशीमकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं, घाटाच्या अलीकडे वसलेलं तालुक्याचं गाव. दादा तिथल्या शाळेत गणित शिकवतो. घरात शिरतो न शिरतो तोच एक तांबूस रंगाचं गावठी पिल्लू पायांत घुटमळायला लागलं. त्याचं नाव शेरू, वय तीन महिने. अकरावीत शिकणाऱ्या पुतण्याने पिशवी खाली ठेवायच्या आधीच प्रश्न टाकला, ''काका, शेरूचा इमा काढाचा का?''

त्याने मोबाईलवर कुत्र्यांच्या आरोग्य विम्याची जाहिरात पाहिली होती. आजी ओट्यावरूनच म्हणाली, ''बैलाचा इमा असते बाप्पा, कुत्र्याचा कायचा इमा?'' यावर सगळे हसले. वहिनी मात्र हसली नाही. ती हळूच म्हणाली, ''मोतीच्या वेळी असता तर?''

मोती हा त्यांचा आधीचा कुत्रा. मागच्या पावसाळ्यात, पाच महिन्यांचा असताना, त्याला उलट्या सुरू झाल्या आणि मग रक्ताचे जुलाब. डॉक्टरांनी पार्व्हो असल्याचं सांगितलं, सलाईन लावलं आणि म्हणाले की अकोल्याला नेऊन दोन-तीन दिवस सतत सलाईनवर ठेवता आलं तर बरं. त्या रात्री दादा आणि वहिनी स्वयंपाकघरात बसून पैसे मोजत होते. गाडीभाडं किती, तिथला खर्च किती, महिनाअखेर कशी भागवायची. ठरेपर्यंत उजाडलं, आणि दुपारी मोती गेला. अकोल्याला नेला असता तर तो वाचलाच असता असं नाही. पण तो हिशेब त्या रात्री करावा लागला, ही गोष्ट त्या घरात अजून कुणी विसरलेलं नाही.

म्हणून पुतण्याचा प्रश्न मला गंमतीचा वाटला नाही. दोन दिवस आम्ही त्यावर बोललो, फासे टाकून पाहिले, लॉग टेबल काढलं. त्यातून जे हाती आलं ते इथे मांडतो आहे. तुमच्या वर्गात संभाव्यता शिकवताना ते कामी येईल असं वाटतं.

बैल आणि कुत्रा

आधी आजीचं म्हणणं घेऊ, कारण त्यात एक महत्त्वाचा फरक दडलेला आहे. बैलाचा किंवा म्हशीचा विमा म्हणजे जनावराच्या किमतीचा विमा. जनावर दगावलं की ठरलेली रक्कम मिळते. कानातल्या बिल्ल्यावरून ते जनावर हेच होतं, याची खात्री केली जाते. बैल गेला की शेतकऱ्याचं भांडवल जातं, आणि विमा ते भांडवल भरून देतो.

शिवाय या विम्याच्या हप्त्यात सरकार भर घालतं. राष्ट्रीय पशुधन अभियानात केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये पशुपालकाचा वाटा १५ टक्क्यांवर आणला. बाकीचा हप्ता केंद्र आणि राज्य मिळून भरतात. या योजनेत गाय, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर असे प्राणी बसतात, कुत्रा बसत नाही.

गावठी कुत्र्याला बाजारात किंमत नाही. तो गेला तर पैशांत मोजता येईल असं काहीच जात नाही. मग विमा कशाचा? उपचाराच्या खर्चाचा. भारतात सार्वजनिक क्षेत्रातल्या विमा कंपन्यांकडे कुत्र्याचा विमा पूर्वीपासून होता, पण तो मुख्यतः मृत्यूचा. आजारपणाचा आणि शस्त्रक्रियेचा खर्च देणाऱ्या योजना २०२० नंतर काही खाजगी कंपन्यांनी आणल्या.

आता फरक लक्षात येईल. बैलाच्या बाबतीत नुकसान आपोआप होतं. कुत्र्याच्या बाबतीत खर्च आपोआप होत नाही, तो करायचा की नाही हे आपण ठरवतो. मोतीच्या वेळी दादाचा रुपयाही बुडाला नव्हता, बुडालं ते वेगळंच काहीतरी. तेव्हा विम्याच्या आधी एक प्रश्न येतो: वेळ आली तर या कुत्र्यासाठी आपण जास्तीत जास्त किती खर्च करणार? ज्याचं उत्तर दोन हजार आहे, त्याने पन्नास हजारांचं संरक्षण देणारा विमा घेणं व्यर्थ आहे.

फाशांचा खेळ

विमा म्हणजे काय, हे समजायला एक खेळ खेळून पाहा. वर्गात ३६ मुलं आहेत असं समजा. प्रत्येक मूल म्हणजे कुत्रा पाळणारं एक घर, आणि एक खेळ म्हणजे एक वर्ष. प्रत्येकाने फासा दोनदा टाकायचा. दोन्ही वेळा सहा पडले तर त्या घरच्या कुत्र्याला मोठं आजारपण आलं, खर्च १८,००० रुपये. नाहीतर काही नाही. (हे आकडे हिशेब सोपा व्हावा म्हणून धरले आहेत. खरा धोका आणि खरा खर्च कुत्र्याची जात, वय आणि गाव यांप्रमाणे बदलतो.)

दोन्ही वेळा सहा पडण्याची संभाव्यता १/३६. म्हणजे प्रत्येक घराचा सरासरी अपेक्षित खर्च १८,००० भागिले ३६, म्हणजेच वर्षाला ५०० रुपये. आता फळ्याजवळ दोन मुलांची 'विमा कंपनी' बसवा. ती प्रत्येकाकडून ७०० रुपये हप्ता घेते आणि आजारपण आलं तर सगळा खर्च देते.

पाचशेच्या धोक्याला सातशे रुपये! मुलं लगेच म्हणतील, ही लूट आहे. त्यांना म्हणावं, आता कंपनीच्या खुर्चीत बसून पाहा. हप्त्यांचे जमले २५,२००. एकाच घरी आजारपण आलं तर ७,२०० उरतात. त्यातून कारकुनाचा पगार, कागदपत्रं, दाव्यांची तपासणी. पण दोन घरी आलं तर ३६,००० द्यायचे, कंपनी बुडाली. ३६ जणांच्या वर्गात एकालाही दोन्ही सहा न पडण्याची संभाव्यता सुमारे ३६ टक्के येते, नेमकं एकालाच पडण्याची सुमारे ३७ टक्के. म्हणजे दोन किंवा जास्त जणांना पडणं, आणि कंपनी बुडणं, हे चारांतल्या एका खेळापेक्षा थोडं जास्त वेळा घडणार. बारावीच्या मुलांनी द्विपद वितरणाने हे आकडे स्वतः काढून पाहावेत.

आता असेच १०० वर्ग एकत्र आले असं समजा. मुलं ३,६००, अपेक्षित आजारपणं १००. प्रत्यक्षात नेमकी शंभर येणार नाहीत, पण शंभरातल्या साधारण पंच्याण्णव वेळा हा आकडा ८० ते १२० च्या दरम्यान राहील. १२० आली तरी देणं २१,६०,००० आणि जमा २५,२०,०००. कंपनी शाबूत. बुडायला १४० च्या वर आजारपणं यावी लागतील, आणि ते जवळजवळ कधीच होणार नाही.

एकेका घरासाठी जे पूर्णपणे बेभरवशाचं आहे, ते हजारो घरांसाठी मिळून भरवशाचं होतं. हा नियम स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या जेकब बर्नुली याने सिद्ध केला. तो १७०५ मध्ये वारला आणि त्याचं पुस्तक १७१३ मध्ये प्रसिद्ध झालं. विम्याचा सगळा धंदा या एका नियमावर उभा आहे. स्वीडनमध्ये बहुसंख्य पाळीव कुत्र्यांचा विमा काढलेला असतो, तिथे हा 'वर्ग' खूप मोठा आहे. आपल्याकडे तो अजून लहान आहे.

यातून एक साधी गोष्ट निघते. सरकारची भर नसेल तर सरासरी पाहता विमा घेणाऱ्याला तोटाच होतो. तसा तो झाला नाही तर कंपनी चालणारच नाही. तेव्हा 'विम्यात फायदा आहे का?' हा प्रश्नच चुकीचा आहे.

पहिला सहा पडल्यावर

खेळात थोडा बदल करू. आता पहिला फासा टाकून झाल्यावर विमा घ्यायची मुभा द्या. कोण घेईल? अर्थातच ज्यांना सहा पडला आहे ती सहा-सात मुलं. बाकीची कशाला घेतील? सहा मुलांचे हप्ते ४,२००. पण त्यांच्यापैकी प्रत्येकाचा धोका आता १/३६ नसून १/६ आहे. अपेक्षित देणं १८,०००. या कंपनीचं दिवाळं ठरलेलं.

विम्याच्या कागदावर बारीक अक्षरात ज्या अटी असतात, त्यांचं मूळ इथे आहे. आधीपासून असलेल्या आजाराचा खर्च मिळत नाही. विमा घेतल्यापासून काही दिवस आजाराचा दावा करता येत नाही. ठरावीक वयानंतर कुत्रा विम्यात घेतला जात नाही. लस टोचलेली नसेल तर त्या लसीने टळणाऱ्या आजाराचा खर्च मिळत नाही. या अटी वाचून आपल्याला राग येतो. पण पहिला सहा पडलेल्यांनाच आत घेतलं, तर बाकीच्यांचा हप्ता सातशेवरून तीन हजारांच्या वर न्यावा लागेल. मात्र अटी समजल्या म्हणजे त्या आपल्या सोयीच्या झाल्या असं नाही. सही करायच्या आधी त्या वाचायलाच हव्यात.

पीटर्सबर्गचा व्यापारी

मग सरासरीने तोटा असूनही शहाणी माणसं विमा का घेतात? याचं उत्तर त्याच जेकब बर्नुलीच्या पुतण्याने दिलं, डॅनियल बर्नुलीने. द्रवांच्या प्रवाहाचा त्याचा नियम आपण शिकवतोच. १७३८ मध्ये पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीने त्याचा एक निबंध छापला. त्यात त्याने एक उदाहरण घेतलं आहे.

पीटर्सबर्गच्या एका व्यापाऱ्याने ॲमस्टरडॅमहून माल मागवला आहे. तो पोहोचला तर १०,००० रूबल येतील. त्या ऋतूत शंभरांपैकी पाच जहाजं बुडतात. म्हणजे अपेक्षित नुकसान ५०० रूबल, पण विमेवाले ८०० मागतात. व्यापाऱ्याने विमा काढावा का? डॅनियलने उत्तर दिलं, ते त्याच्याजवळ आणखी किती पैसा आहे यावर अवलंबून आहे. दुसरी पुंजी ५,०४३ रूबलपेक्षा कमी असेल तर काढावा, जास्त असेल तर काढू नये.

धोका तोच, हप्ता तोच, आणि तरी एकाला विमा घेणं शहाणपणाचं आणि दुसऱ्याला न घेणं शहाणपणाचं. कारण शंभर रुपयांची किंमत सगळ्यांना सारखी नसते. ज्याच्याकडे हजार आहेत त्याला शंभर गेल्याचं जेवढं लागतं, तेवढं लाखवाल्याला लागत नाही. पैशाची खरी 'किंमत' त्याच्या लॉगॅरिथमप्रमाणे वाढते असं डॅनियलने धरलं.

हेच आपल्या खेळाला लावू. एका घरी हाताशी ३०,००० रुपये आहेत. विमा घेतला तर २९,३०० उरतात, त्याचा लॉग ४.४६६९. विमा न घेतला तर ३५/३६ संभाव्यतेने ३०,००० आणि १/३६ संभाव्यतेने १२,०००. त्यांच्या लॉगची सरासरी ४.४६६१. विम्याचा आकडा मोठा, म्हणजे विमा घ्यावा. दुसऱ्या घरी ४०,००० आहेत. विमा घेऊन ४.५९४४, न घेता ४.५९४८. इथे न घेणं बरं. मधली सीमा साधारण ३४,५०० ला येते. मुलांना लॉग टेबल देऊन ती शोधायला सांगा.

आणि हाताशी नेमके १८,००० च असतील तर? मग आजारपणात हाती शून्य उरतं. शून्याचा लॉग काढता येत नाही, तो ऋण अनंताकडे जातो. गणित म्हणतं, जवळचे सगळे संपले तरी चालतील असा विचारही करू नका. घरातली माणसं तो करतही नाहीत. ती पैसे वाचवतात आणि कुत्रा जातो. मोतीच्या बाबतीत हेच झालं होतं.

तेव्हा खरा प्रश्न असा आहे: सगळ्यात वाईट प्रसंग आला तर तो आपण आपल्या पैशांतून पेलू शकतो का? पेलता येत असेल तर विम्याची गरज नाही. पेलता येत नसेल, आणि तरी तो खर्च करायचाच असं आपलं ठाम मत असेल, तरच विमा कामाचा.

फासाच बदलता येतो

आतापर्यंत आपण धोका १/३६ आहे असं धरून चाललो. पण विम्याने धोका कमी होत नाही, फक्त खर्चाची वाटणी होते. धोका कमी करणारी गोष्ट वेगळी आहे.

पार्व्होचा विषाणू १९७८ च्या सुमारास ओळखला गेला आणि एक-दोन वर्षांत जगभर पसरला. तो आतड्याच्या अस्तरातल्या भराभर विभागणाऱ्या पेशींवर हल्ला करतो, म्हणून रक्ताचे जुलाब होतात. अंगातलं पाणी आणि क्षार निघून जातात. उपचार मिळाले नाहीत तर बहुतेक पिल्लं दगावतात, वेळेवर सलाईन आणि देखभाल मिळाली तर बरीचशी वाचतात. हा विषाणू अंगणातल्या मातीत कित्येक महिने टिकतो. म्हणजे मोतीच्या अंगणात शेरूला आणताना धोका संपलेला नव्हता.

यावर लस आहे आणि ती चांगली आहे. पण एकच टोचून भागत नाही. आईच्या दुधातून मिळालेली प्रतिद्रव्यं पिल्लाच्या अंगात काही आठवडे राहतात आणि लसही निकामी करतात. ती कधी संपतील हे प्रत्येक पिल्लात वेगळं. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून, दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत लस पुन्हा पुन्हा द्यावी लागते. मोतीला एकच मात्रा मिळाली होती. ''लस टोचली होती न,'' असं वहिनी अजून म्हणते. टोचली होती, पण पुरी नव्हती.

रेबीजचं तर आणखी सरळ आहे. कुत्र्याला रेबीज झाला की उपचार नाहीत, त्यामुळे तिथे विम्याला करण्यासारखं काही उरतच नाही. लस मात्र आहे, आणि ती कुत्र्याबरोबर घरातल्या माणसांनाही वाचवते. गोचीड तापाचा धोका नियमित गोचीड काढून आणि औषध लावून कमी होतो. खेळाच्या भाषेत सांगायचं तर लस म्हणजे सहा बाजूंचा फासा काढून कितीतरी जास्त बाजूंचा फासा हातात घेणं.

शेरूचं काय ठरलं

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही ओट्यावर कागद घेऊन बसलो. पुतण्याने विचारलं, ''काका, हप्त्याचे सातशे दरवर्षी बाजूला टाकले तर?'' चांगला विचार आहे. बारा वर्षांत ८,४०० जमतील. बारा वर्षांत एकदा तरी दोन्ही सहा पडण्याची संभाव्यता सुमारे २९ टक्के. पण पहिल्याच वर्षी पडले तर डब्यात फक्त सातशे असतील. डबा हळूहळू भरतो, विम्याचं संरक्षण मात्र सुरुवातीलाच मिळतं. विम्याची खरी ताकद इथे आहे, हे मान्य करायला हवं.

मग आम्ही अटी वाचल्या. ज्या योजनेची माहिती आमच्या हाती होती, तिच्यात उपचाराचे पैसे आधी स्वतः भरायचे आणि नोंदणीकृत पशुवैद्यकाची बिलं लावून नंतर परत मागायचे असं होतं. म्हणजे मोतीच्या रात्री विमा असता तरी गाडीभाडं आणि आगाऊ रक्कम दादालाच काढावी लागली असती. वहिनीच्या प्रश्नाचं उत्तर त्यात मिळालं, आणि ते तिला फारसं आवडलं नाही.

शेवटी दादाने तीन गोष्टी ठरवल्या. एक, शेरूच्या सगळ्या मात्रा तारखेला पुऱ्या करायच्या. दोन, शेरूवर एका आजारपणात जास्तीत जास्त १०,००० खर्च करायचे. हा आकडा सगळ्यांसमोर ठरला, आजीसमोरसुद्धा. तीन, दिवाळीच्या पैशांतून तेवढी रक्कम पोस्टातल्या वेगळ्या खात्यात टाकायची, म्हणजे डबा पहिल्याच दिवशी भरलेला. दहा हजारांचा धोका घर पेलू शकतं, तेव्हा विमा नाही.

माझ्या पुण्यातल्या शेजाऱ्यांनी त्यांच्या मोठ्या जातिवंत कुत्र्याचा विमा काढला आहे. शस्त्रक्रियेची सोय असलेली इस्पितळं जवळ आहेत, लागेल तेवढा खर्च करायचा असं त्यांनी ठरवलं आहे, आणि तेवढे पैसे हाताशी नाहीत. त्यांचंही बरोबर आहे. डॅनियल बर्नुलीचे दोन व्यापारी, दुसरं काय!

आजीला हा सगळा हिशेब सांगितला तेव्हा तिने एवढंच विचारलं, ''म्हंजे आता रात्री बसून पैसे मोजाचं काम नाही न?'' नाही. ते मोजणं आम्ही कुत्रा धडधाकट असताना, दिवसाउजेडी करून ठेवलं होतं.

वर्गासाठी काही प्रश्न

१. वरचा खेळ वर्गात दहा वेळा खेळा. किती वेळा कंपनी बुडाली? दहा खेळांचे हप्ते आणि देणी एकत्र धरली तर काय दिसतं?

२. लसीमुळे धोका १/३६ ऐवजी १/२१६ झाला, म्हणजे तीनदा सहा पडले तरच आजारपण, असं धरा. अपेक्षित खर्च किती? आता ७०० चा हप्ता परवडेल का?

३. बैलाच्या विम्याचा हप्ता ७०० आणि अपेक्षित नुकसान ५०० आहे असं समजा. शेतकऱ्याला हप्त्याचा फक्त १५ टक्के वाटा भरावा लागला, तर सरासरीचं उत्तर कसं बदलतं?

४. तुमच्या घरी किंवा शेजारी कुत्रा असेल तर त्याचं लसीकरणाचं कार्ड पाहून या. पुढची तारीख कोणती आहे?